कुत्र्याच्या गोचिडी: मूळ कुडाच्या भेगेत



शेणव्याकडे कारवीच्या कुडाचे गोठे आपल्या ओळखीचे. राखणीचा कुत्रा त्याच आडोशाला झोपतो. त्याच्या कानातल्या गोचिडी काढाव्यात, तर थोड्याच दिवसांत पुन्हा हजर! रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर जागेचाही बंदोबस्त करावा.

१. भेगा शेणमातीने लिंपाव्यात. कुत्र्याचे गोणपाट उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवावे.

२. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. कढत पाण्यात टाकावी.

३. १ लिटर कोमट पाण्यात २ चहाचे चमचे कडुनिंबाचे तेल व थोडा साबण घोटून अंगाला चोळावे. डोळे सांभाळावेत. आठवड्याने पुन्हा करावे. मांजराला व लहान पिलांना हे लावू नये.

रॉकेल, तंबाखूचे पाणी किंवा पिकावरचे औषध मुळीच लावू नका. कुत्रा अंग चाटतो, विष पोटात जाते.

कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर गोचीड-तापाचा संशय धरावा. मग निंबावर विसंबू नका. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या.