वकिलाने शोधून काढलेली वीणेची पुस्तकं

चिखलीतला एखादा मुलगा गिटार घेतो, चार कॉर्ड शिकतो, दोन-तीन सिनेमाची गाणी बसवतो आणि एक दिवस त्याला यमन वाजवावासा वाटतो. मग तो पुस्तक शोधायला लागतो. पडद्यांच्या तंतुवाद्यावर राग कसा बसवायचा, हे सांगणारे ग्रंथ आपल्याकडे चार-साडेचार शतकांपूर्वीच लिहिले गेले आहेत. त्यांतला एक तर अगदी शेजारचा. इथून बुलढाणा, मोताळा, मलकापूर, मुक्ताईनगर करत गेलं की बऱ्हाणपूर लागतं. ती खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. त्यांच्यातल्या बुऱ्हाण खानाच्या आश्रयाला कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित आला आणि त्याने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. पुढे तो कछवाह्या राजपुतांकडे गेला. तिथे 'रागमंजरी' झाली, 1576 मध्ये 'रागमाला' झाली.

एवढं सगळं लिहिलेलं असूनही 1900 च्या सुमाराला मैफलीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना या ग्रंथांचा पत्ता नव्हता. पोथ्या जळल्या नव्हत्या, बुडाल्या नव्हत्या. संस्थानिकांच्या कपाटांत आणि पंडितांच्या घरी गुंडाळून ठेवलेल्या होत्या, इतकंच.

त्या उघडायला लावल्या एका वकिलाने. विष्णु नारायण भातखंडे, जन्म 1860, वाळकेश्वर. तरुणपणी सतार शिकले, 1884 मध्ये पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले, 1887 मध्ये कायद्याची पदवी घेतली. सतारीवर पडदा सरकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न टाळताच येत नाही: हा पडदा इथेच का? उस्तादांचं उत्तर ठरलेलं असे, आमच्या घराण्यात असंच आहे. कोर्टात हे उत्तर चालत नाही. भातखंड्यांनी पुरावा मागायला सुरुवात केली. 1896 मध्ये गुजरात-काठेवाड पालथं घातलं. पुढच्या काही वर्षांत पत्नी गेली, एकुलती मुलगी गेली. त्यानंतर हा माणूस थांबलाच नाही.

1904 च्या अखेरीस ते दक्षिणेला निघाले. मद्रास झालं, सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं तंजावर झालं. जिथे जातील तिथे विद्वानांची उलटतपासणी. 'संगीत रत्नाकर' या जुन्या ग्रंथातल्या श्रुती, म्हणजे सुरांमधली सूक्ष्म अंतरं, तुम्ही वाजवून दाखवाल का, असं विचारलं की बहुतेक विद्वान विषय बदलत. भातखंड्यांच्या प्रवासाच्या टिपणांत या निराशेचा सूर जागोजागी आहे आणि खरं सांगायचं तर थोडा वकिली तोराही आहे.

मग एट्टयपुरम. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडचं छोटंसं संस्थान. तिथे पासष्टीचे सुब्बराम दीक्षितर होते, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातले. याच घरातल्या बालुस्वामी दीक्षितरांनी युरोपियन व्हायोलिन शिकून घेऊन ते कर्नाटक संगीतात आणलं होतं. परकं वाद्य आपलंसं केलेल्या घरात जुनी पोथीही जपलेली असावी, हे मला फार आवडतं. सुब्बराम दीक्षितरांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा तेलुगूतला प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापून झाला होता. त्यांच्याकडून भातखंड्यांना मिळाली ती व्यंकटमखीची 'चतुर्दंडीप्रकाशिका'.

त्या पोथीतलं गणित गिटारवाल्या मुलालाही पाच मिनिटांत कळेल. सा आणि प अचल. सा आणि म यांच्या मध्ये रे-ग च्या सहा जोड्या बसतात, प आणि वरच्या सा यांच्या मध्ये ध-नी च्या सहा. सहा गुणिले सहा छत्तीस. म दोन प्रकारचा, म्हणून बहात्तर. बस्स, यापलीकडे सात सुरांचा मेळ होऊच शकत नाही. भातखंड्यांना हवी होती ती हीच चौकट.

आणि हा पडदा इथेच का, या प्रश्नाचं उत्तरही जुन्या ग्रंथात होतंच. 1550 मध्ये विजयनगरच्या रामराजाच्या पदरी असलेल्या रामामात्याने 'स्वरमेलकलानिधी' लिहिला. त्यात वीणेच्या तारा षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम अशा लावून पडदे कुठे बसवायचे ते सांगितलंय. पडदा एकच, पण प्रत्येक तारेवर तो वेगळा सूर देतो आणि ते सगळे सूर कामाचे निघायला हवेत. गिटारच्या गळ्यावर जी अडचण आज बोटांना जाणवते, तीच ही.

भातखंडे पुढे उत्तरेत फिरले. बिकानेरच्या अनूपसिंहाचा पंडित भावभट्ट याचे ग्रंथ, पुंडरीकाचे ग्रंथ अशा पोथ्यांच्या नकला जमवल्या आणि त्या कुलुपात न ठेवता एकेक करून छापल्या. माझ्या मते त्यांची खरी कामगिरी शोधण्यापेक्षा छापण्यात आहे. स्वतःचं मत त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' या संस्कृत ग्रंथात 'चतुर पंडित' या टोपणनावाने मांडलं आणि नंतर मराठी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त त्याच चतुर पंडिताचा तिऱ्हाईत असल्यासारखा हवालाही दिला! वकीलच तो.

बहात्तर मेळांतून त्यांनी उत्तरेच्या संगीतासाठी दहा ठेवले, त्यांनाच थाट म्हणतात. त्यात सगळं बसत नाही, ही टीका रास्त आहे. मधुवंती घ्या: ग कोमल, म तीव्र, बाकी शुद्ध. दहांपैकी एकाही थाटात ती मावत नाही; व्यंकटमखीच्या बहात्तरांत मात्र तिला एकोणसाठाव्या क्रमांकाची जागा आहे. तरीही आज कुठल्याही क्लासमधला मुलगा बिलावल म्हणजे सगळे शुद्ध, कल्याण म्हणजे म तीव्र, इथूनच सुरुवात करतो. गिटारवर सी मेजर वाजवणारा बिलावलच वाजवत असतो.

भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मुळात मराठीत लिहिलेली आहे, सहा भागांत, भा. सी. सुकथनकर या शिष्याने ती प्रसिद्ध केली. आज विद्यार्थ्याच्या हाती सहसा पडतो तो तिचा हिंदी अनुवाद, हाथरसच्या संगीत कार्यालयाचा. ही संस्था 1932 मध्ये काढली हास्यकवी काका हाथरसी यांनी. मराठी पुस्तक मराठी मुलाने हिंदीतून वाचायचं, हे काही बरं नाही.

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या पट्ट्यात भजनी मंडळं, हार्मोनियमवाले, जुने संगीत शिक्षक कमी नव्हते. त्यांच्या घरच्या ट्रंकांमध्ये नोटेशनची पिवळी पडलेली पुस्तकं अजून निघू शकतील. भातखंडे 1936 मध्ये वारले. त्यांच्या मूळ लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, त्यामुळे ते स्कॅन करून वाटायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत असं काही हाती लागलं तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी पहिलं पान पाहा, छापखान्याचं नाव आणि साल टिपून घ्या, फोटो काढा आणि पुस्तक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.