फ्रीजरमधला चक्का

"मावशी, हे चाटायचं की फोडायचं?"

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत राहायला आलेल्या भाच्यानं हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरच्या विरजणाचं दही, त्यात एका हापूसचा गर, साखरेचा कण नाही, वर कौतुकानं खोचलेली लाकडी काडी. रात्रभर फ्रीजरमध्ये राहून सकाळी जे हाती आलं त्यावर दात टेकत नव्हते. काडी ओढली तर नुसती काडीच आली. शेवटी धाकट्या भाचीनं खलबत्त्यातला बत्ता आणला आणि तो ठोकळा आम्ही रीतसर फोडला. तुकडे चोखले तर आधी सगळा आंबा निघून गेला आणि तोंडात उरला तो फिक्का, आंबूस बर्फ.

चूक दह्याची नव्हती, फळाचीही नव्हती. चूक पाण्याची होती. शंभर ग्रॅम दह्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर पाणीच असतं, फळातही बराचसा भाग पाण्याचाच. घरचा फ्रीजर असतो साधारण उणे १८ अंशांवर. तिथे या पाण्याचं बर्फ होणारच. ते थोपवते साखर. विरघळलेली साखर पाण्याचा काही भाग गोठू देत नाही, म्हणून आइस्क्रीममध्ये चमचा शिरतो. दुसरा हात हवेचा. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं असं म्हटलंय. म्हणजे डब्यातला जवळजवळ अर्धा भाग हवा असली तरी नियमात बसते. तिसरा हात स्निग्धांशाचा. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो, आणि त्या जागी वनस्पती तेल वापरलं की डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. पुढच्या वेळी दुकानात डबा उलटा करून ती बारीक अक्षरं जरूर वाचा.

आता साखर काढली, मलई काढली, घुसळून हवा भरायचं यंत्र घरात नाही, आणि वर पदार्थ 'हेल्दी' हवा. मग दगड होणार नाही तर काय होणार? अमेरिकेत १९७०च्या दशकात फ्रोझन योगर्ट आलं, पुढे त्याची साखळी दुकानं निघाली, आपल्याकडच्या मॉलमध्येही ते पोचलं. पण त्या मऊ वेटोळ्यांत यंत्रानं घुसळलेली हवा असते आणि साखरही चांगली दणदणीत. दही आहे म्हणजे पथ्याचंच, हा समज काही खरा नाही.

थंडपणाची आणखी एक लबाडी आहे. गार पदार्थात जिभेला गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम पिऊन पाहा, घशाशी येतं. म्हणजे गोठवायच्या पदार्थात साखर नेहमीपेक्षा जास्त पडते, आणि ती पडलीय हे आपल्याला जाणवतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी उत्तम. या हिशेबात मध आणि फळांचा रसही धरलाय. अख्ख्या फळातली साखर मात्र सुटते. त्यामुळे साखरेऐवजी मध ओतून स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही.

यावरची पहिली युक्ती आपल्या घरात कधीचीच आहे: पाणीच काढून टाकायचं. अर्धा किलो दही पंचात बांधून टांगलं की सहा-आठ तासांत जेमतेम दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का हाती येतो. उन्हाळ्यात खुंटीला टांगू नका, आंबटढाण होतो. पुरचुंडी गाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन फ्रिजमध्येच सरकवा. दहीही अदमुरं घ्या, नुकतं लागलेलं, गोडसर. दही जितकं आंबट तितकी पुढे साखर जास्त. चक्क्यात प्रथिनं एकवटतात, पण दह्याच्या आंबटपणामुळे विरघळलेलं कॅल्शियम बरंचसं निवळीतून वाहून जातं. ती निवळ मोरीत ओतलीत तर मुलांच्या हाडांसाठी चाललेला हा खटाटोप निम्मा वाया गेला. कणीक तिच्यातच भिजवा.

पुष्कळ घरांत श्रीखंडाला चक्क्याच्या तोडीस तोड साखर घालतात. म्हणूनच डबा फ्रीजरमध्ये राहिला तरी श्रीखंडात चमचा जातो. मुलांच्या रोजच्या खाऊला इतकी साखर नको, पण ती कमी केली की पदार्थ पुन्हा कडक होतो. या कोड्यावर मी बरेच महिने अडले होते. उत्तर सापडलं ते चिक्की फोडताना. कडक आहे ना, मग कडकच राहू द्या. साखर कमी करायची तर आकार बदलायचा.

स्टीलच्या ताटावर बटर पेपर घाला. दोनशे ग्रॅम चक्का, दोन-तीन चमचे पिठीसाखर किंवा वाटलेला खजूर आणि अर्धी वाटी दाट गर एकत्र घोटून त्यावर पसरा. थर करंगळीच्या नखाइतका जाड, त्याहून जास्त नको. वर डाळिंबाचे दाणे, पिस्त्याची भरड. स्टीलमधून उष्णता चटकन जाते, त्यामुळे तीन तासांत पत्रा तयार. मग हातानं तुकडे मोडायचे. इतका पातळ थर जिभेवर ठेवल्या ठेवल्या विरघळायला लागतो, दातांना काम उरत नाही. हेच मिश्रण मेंदीच्या कोनासारख्या कोनात भरून ताटावर थेंब पाडले तर बोराएवढ्या टिकल्या होतात. धाकट्यांचा जीव त्यांच्यावर जास्त.

दही नसलेला एक प्रकार तर जादूचाच. सालीवर काळे ठिपके आलेल्या केळ्याच्या चकत्या गोठवायच्या आणि मिक्सरमधून फिरवायच्या. आधी नुसता भुगा उडतो, आपल्याला वाटतं फसलं. भांड्याच्या कडा पुसून पुन्हा फिरवत राहा. एका क्षणी तो भुगा एकदम सैल होतो आणि पात्याभोवती लोण्यासारखं वेटोळं धरतो. ही करामत केळ्यातल्या पेक्टिनची आणि पिकल्यावर वाढलेल्या साखरेची. गोठवायच्या आधी केळं चांगलं पिकलेलं हवं, हिरवट केळ्याचा तुरट चुराच होतो.

पत्र्यात घालायला दिवाळीच्या सुमाराला फळ म्हणजे सीताफळ. पुरंदरकडची टोपली दारात आली की माझी निम्मी सकाळ बिया काढण्यात जाते. मिक्सर जोरात फिरवायचा मोह टाळा. बी फुटली तर गर कडू होतोच, शिवाय सीताफळाच्या बियांची पूड पूर्वी उवा मारायला वापरत. ती पोटात नको. तांदळाच्या चाळणीवर गर घेऊन वाटीच्या बुडानं हळूहळू घोळा. आणि गर तापवू नका, उष्णतेनं त्याला कडवट चव येते. बासुंदी गार झाल्यावरच सीताफळ का घालायचं, ते यामुळेच. डिसेंबरपासून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, मग चिकू, पेरू हाताशी असतातच. कच्चा अननस, पपई आणि किवी मात्र दह्याशी जमवून घेत नाहीत. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण कडू होतं. अननस पाच मिनिटं शिजवून, गार करून घातला की त्याची खोड मोडते.

सासूबाईंचा याला विरोध आहे. "दही आणि फळं एकत्र, वर ते गारठलेलं!" आयुर्वेदातला दाखला त्यांच्या जिभेवर तयार असतो. मी वाद घालत नाही. सणावाराला त्या स्वतःच करतात त्या केळ्याच्या दह्यातल्या कोशिंबिरीकडे तेवढी नजर टाकते. सर्दी विषाणूंमुळे होते, गारव्यानं नाही, हेही एकदा सांगून पाहिलं. पण मूल खोकत असेल तेव्हा हा डबा मीही बाहेर काढत नाही.

काही गोष्टींत मात्र हयगय नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष नको, गोठवलेलं तर मुळीच नको. उभे चार भाग करा. त्यांच्या पत्र्यावर सुक्या मेव्याचे तुकडे नकोत, पूड चालेल. वीज गेल्यावर वितळलेलं मिश्रण पुन्हा गोठवू नका. थंडीनं जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. दह्यातले उपकारी झोपतात तसे दुसरेही.

गेल्या भाऊबीजेला बहीण मुलांना घेऊन आली. फराळ झाल्यावर सीताफळाचा पत्रा ताटासकट बाहेर काढला. "हातानं मोडतो गं," असं मी म्हणेपर्यंत धाकटी स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आली होती.