कृष्णधवल छायाचित्रण : भिंगाची आणि फिल्मची निवड

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीचे किंवा पणजीचे एखादे चौकटीतले जुने छायाचित्र असेल. ते पुन्हा एकदा नीट न्याहाळावे. कपाळावरचे ठसठशीत कुंकू त्यात बहुधा काळेभोर आलेले दिसेल. लुगड्याचे लाल काठही तसेच. जुन्या काळी बायका काळे कुंकू लावीत असत, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. तो काळेपणा कुंकवाचा नसून फिल्मचा आहे, हे फार उशिरा उमगले. जयेंद्रगंजातील आपल्या शाळेचे काही तरुण माजी विद्यार्थी अलीकडे फिल्मच्या कॅमेऱ्याकडे पुन्हा वळले आहेत आणि ‘कोणते भिंग घ्यावे, कोणती फिल्म घ्यावी’ असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर या कुंकवापासून सुरू करणे बरे.

कृष्णधवल फिल्म रंग दाखवीत नाही. मात्र प्रत्येक रंगाला ती करड्या रंगाची एक छटा नेमून देते. ही नेमणूक सर्व फिल्म सारखी करीत नाहीत. आरंभीच्या काचपट्ट्यांना मुख्यतः निळाच प्रकाश ‘दिसे’. राजा दीनदयाळ यांनी काढलेली ग्वाल्हेरची छायाचित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ मधील मध्य भारतातील स्मारकांवरील ग्रंथात आहेत. त्या काळच्या अशा चित्रांत आकाश बहुधा कोरे असते. निळे आकाश आणि पांढरा ढग यांत काचपट्टीला भेदच करता येत नसे. पुढे हिरव्या रंगाची जाण असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आल्या, पण तांबड्यासमोर त्याही आंधळ्या. म्हणून कुंकू काळे. सर्व रंग जाणणाऱ्या पँक्रोमॅटिक काचपट्ट्या १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. आज मिळणाऱ्या इलफोर्डच्या एफपी-४ प्लस, एचपी-५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स या सर्व त्याच कुळातल्या. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म पुष्कळांनी वापरली असेल. तो कारखाना आता बंद पडला आहे.

पँक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग जाणते, म्हणून ती सर्व रंग वेगळे दाखवील असे मात्र समजू नये. याची परीक्षा घेण्यास किल्ल्यावरील मानमंदिरासारखी जागा नाही. मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या या महालाच्या भिंती पिवळसर वालुकाश्माच्या असून त्यांवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांची बदके, हत्ती आणि केळीची झाडे आहेत. डोळ्यांना निळा आणि पिवळा यांतला विरोध केवढा वाटतो! पण साध्या फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचे उतरतात आणि बदकांची सगळी रांग भिंतीत विरून जाते. माझे पहिले दोन रोल असेच वाया गेले. भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच लावावी. ती निळा प्रकाश अडविते. फरशा आणि आकाश गडद होतात, दगड उजळतो, बदके पुन्हा भिंतीवर येतात. पिवळ्या काचेसाठी प्रकाश सुमारे दुप्पट, नारिंगीसाठी चौपट द्यावा लागतो. १२५ गतीच्या फिल्मला लख्ख उन्हात एफ-१६ वर १/१२५ सेकंद पुरतो. नारिंगी काच लावल्यावर तेवढ्याच वेळासाठी एफ-८ ठेवावे.

हीच नारिंगी काच लावून घरी आईचे छायाचित्र काढू नये. कुंकू फिके पडेल. तांबडी काच असेल तर जवळजवळ पुसलेच जाईल. आपल्या घरांत याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही. तेथे काच न लावणे किंवा हिरवी काच लावणे योग्य. कांती थोडी सावळी येते, पण कुंकू ठळक राहते. जुन्या छायाचित्रांतले काळेभोर कुंकूच हवे असेल तर इलफोर्डने २०१९ मध्ये ऑर्थो प्लस ही फिल्म रोलच्या स्वरूपात पुन्हा आणली आहे. तिची गती ८० आहे.

आता भिंग. नवशिक्या माणसाला वाटते की लांब भिंग दूरची वस्तू जवळ आणते आणि रुंद भिंग जास्त मावते. ते खरे आहे, पण चित्रातले जवळ-दूरचे प्रमाण आपण कोठे उभे राहतो यावर ठरते. भिंग फक्त तेथून किती घ्यायचे ते ठरविते. गुजरी महालाकडून किल्ला चढताना २८ मिलिमीटरचे भिंग वर रोखले की मानमंदिराचे बुरूज आत झुकतात. त्याऐवजी दूर जाऊन १०५ मिलिमीटरच्या भिंगाने तेच बुरूज घेतले तर ते ताठ उभे राहतात. सकाळ निवडावी, कारण दर्शनी भिंत पूर्वेकडे आहे. लष्करातल्या अरुंद गल्लीत मात्र मागे सरकायला जागाच नसते. तेथे ३५ मिलिमीटरला पर्याय नाही. पण त्याच भिंगाने वर्गाचे सामूहिक छायाचित्र जवळून काढले तर कडेच्या मुलांची डोकी ताणली जातात. शाळेत येणारे जुने छायाचित्रकार मैदानात एवढे लांब का उभे राहत, ते आता कळते.

माझे मत विचाराल तर पहिले वर्षभर ५० मिलिमीटरचे, एफ-१.८ चे एकच भिंग वापरावे. जुने मिळाले तरी चालेल, पण विजेरीसमोर धरून आत बुरशी नाही ना, हे पाहून घ्यावे. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. एफ-८ वर ते बहुतेक महागड्या झूमला हार जाणार नाही.

दिवसा इमारतींसाठी १२५ ची बारीक दाण्याची फिल्म उत्तम. डिसेंबरातल्या तानसेन समारोहात रात्री ती निरुपयोगी ठरते. तेथे ४०० ची फिल्म १६०० समजून वापरता येते. डेव्हलपिंगचा वेळ वाढवावा लागतो, दाणा भरड होतो आणि सावल्यांतला तपशील जातो. गायकाचा चेहरा मिळाला, मागचा तानपुरा अंधारात गेला, एवढा हा व्यवहार आहे.

शेवटी ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याविषयी. फिल्म २० अंश सेल्सिअसला धुवावी असे डब्यावर छापलेले असते, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात इमल्शन मऊ होऊन त्यावर जाळी पडते. रात्री माठात पाणी भरून ठेवावे, पहाटे काम करावे आणि डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत उभी करावी. शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच माठातले घ्यावे. गार डेव्हलपरनंतर एकदम नळाखाली धरलेली फिल्म हमखास बिघडते.