पात्र, आवश्यक, विहित

लेखमाला : घंटेपासून घंटेपर्यंत — भाग 7

तिसरा तास. फळ्यावर समीकरण अर्धवट सुटलेलं आणि दारात शिपाईमामा उभे. त्यांच्या हातात कोपरे दुमडलेली सूचना वही. सर खडू ठेवतात, वही घेतात, एका दमात सूचना वाचतात, समासात सही करतात, आणि मामा शेजारच्या वर्गाकडे निघतात. सगळं मिळून अर्धं मिनिट. मागच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला विचारतो, "काय म्हणाले रे?" शेजारी म्हणतो, "काहीतरी परीक्षेचं आहे. आपलं नाही."

मागच्या भागात आपण हजेरीपट उघडला होता. आज ही दुसरी वही. शाळेत रोज बातम्या दोन वाटांनी येतात. एक वाट परिपाठाची: सुविचार, दिनविशेष आणि मग ठळक बातम्या. एके काळी या बातम्या आकाशवाणीच्या सकाळच्या प्रादेशिक बातमीपत्रातून घाईघाईत उतरवून आणल्या जात, आता मोबाइलवरून उतरवतात. दुसरी वाट सूचना वहीची. परिपाठातली बातमी जगाची असते, तर वहीतली थेट त्या पोराची. तरी पहिलीसाठी सगळी शाळा सावधान उभी असते आणि दुसरी समीकरणाच्या मध्येच उरकली जाते.

तर ती सूचना एकदा नीट वाचू. शब्द शाळेगणिक थोडे बदलतील, पण साचा तुमच्या ओळखीचाच निघेल: "इयत्ता 8 वीतील विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, एनएमएमएस परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत वर्गशिक्षकांशी संपर्क साधावा."

वाक्य व्याकरणशुद्ध आहे. कार्यालयीन दृष्टीने त्यात काही राहिलेलंही नाही. पण तेरा वर्षांचं पोर या वाक्यात तीनदा अडखळतं. पात्र म्हणजे मी की नाही? आवश्यक म्हणजे कोणती? विहित म्हणजे कधी? तिन्ही शब्दांमागची माहिती शाळेच्या कार्यालयात असते. ती सूचनेत उतरत नाही, एवढंच.

आता एकेक शब्द सोडवू.

पात्र. एनएमएमएस म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप; ही परीक्षा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठी आहे. केंद्र सरकारने 2008 साली ही योजना सुरू केली, ती आठवीनंतर पैशाअभावी होणारी गळती थांबावी म्हणून. महाराष्ट्रात परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. मूल आठवीत हवं. शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा इथल्या मुलांना ती नाही. सातवीला किमान 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी 50. आणि आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. कित्येक पालकांच्या डोक्यात अजून तोच जुना आकडा असतो, त्यामुळे "आपण बसत नाही त्यात" असं ते स्वतःच ठरवून टाकतात. सूचनेत नवा आकडा लिहिला, तर निदान एवढा गैरसमज तरी जागेवर मिटेल.

आवश्यक. उत्पन्नाचा दाखला, जिथे लागू तिथे जातीचा दाखला, आणि आधार. यात वेळ खातो तो उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तलाठ्याकडे जा, सेवा केंद्रावर अर्ज भरा, मग तहसीलमधून दाखला येण्याची वाट बघा. हे करायला बापाला एक-दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. त्यातून आधारवर "सुनील" आणि शाळेत "सुनिल" असं निघालं, तर एका वेलांटीपायी आणखी एक फेरी. हे घरी कळायला हवं अर्जाची मुदत उघडण्याआधी. मुदत उघडल्यावर कळलं, तर पळापळ ठरलेलीच.

विहित. परीक्षा साधारण डिसेंबरात असते आणि अर्ज त्याआधी काही आठवडे भरले जातात. नेमकी तारीख दर वर्षी परिषद जाहीर करते. पण इथे घरच्यांना न कळणारी एक गोष्ट आहे. हा अर्ज पालकाला परस्पर भरता येत नाही, तो शाळेच्याच लॉगिनमधून जातो. म्हणजे या परीक्षेला दार एकच, आणि त्या दाराची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर. रेल्वेचं तिकीट स्टेशनावर नाही मिळालं तर दुसरीकडून काढता येतं, तसं इथे नाही. म्हणून तिसऱ्या तासाचं ते अर्धं मिनिट मोलाचं.

आता यातून मिळतं काय ते पाहू. महिना 1,000, म्हणजे वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे 48,000. देशभरात दर वर्षी 1 लाख नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या 11,682 महाराष्ट्राच्या वाट्याच्या. पेपर दोन: एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. मराठा आणि कुणबी समाजातली जी मुलं परीक्षा उत्तीर्ण होतात पण केंद्राच्या निवड यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी 'सारथी' या राज्याच्या संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून हिरमुसलेल्या पोराला आणखी एक सूचना वाचून दाखवायची असते. ती बहुधा राहून जाते, कारण तोवर पेढे यादीतल्या मुलांचे वाटून झालेले असतात.

यादीतल्यांचंही काम तिथे संपत नाही. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. दहावीला किमान 60 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 55) मिळवले तरच अकरावी-बारावीचे पैसे सुरू राहतात. आठवीपर्यंतच्या शाळेतून पोर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला गेलं, की जुन्या शाळेला वाटतं नवी शाळा बघेल, नव्या शाळेला वाटतं जुनीने भरलं असेल. परीक्षा जिंकून पैसे न मिळालेली मुलं निघतात ती इथे. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. एक सूचना दोन शाळांच्या मध्ये पडून राहिली, इतकंच.

एनएमएमएसवर एवढा मुक्काम केला, कारण बाकीच्या संधींचं कुलूपही जवळपास याच घडणीचं आहे. 'इन्स्पायर मानक' घ्या. रोजच्या अडचणीवर मुलांनी शोधलेली नवी युक्ती त्यात मागवतात. निवड झाली तर प्रतिकृती करायला 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. पण नामांकन शाळेनेच करायचं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा कला संचालनालयाच्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: 'अ'ला 7, 'ब'ला 5, 'क'ला 3. पण एलिमेंटरीची पायरी आधी, त्यामुळे दहावीत जाग आलेल्याला त्या सात गुणांचा उपयोग नाही. त्याला ते आठवीतच कुणी सांगायला हवं होतं. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा 1981पासून चालते आणि ती सहावी आणि नववीसाठीच आहे, सातवी-आठवीत आठवण होऊन भागत नाही. साताऱ्याची सैनिक शाळा 1961ची, देशातली पहिली. तिथे सहावीला नाही जमलं तर नववीला दुसरी संधी असते, पण वयाची अट 31 मार्चच्या हिशेबाने 13 ते 15 वर्षं. इयत्ता जुळली आणि वय गेलं, असंही होतं.

जुनी माहिती तर न मिळालेल्या माहितीपेक्षा जास्त फसवते. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आपल्या पिढीने चौथी-सातवीत दिली. 2016-17पासून ती पाचवी-आठवीला गेली आणि आता सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली आहे. ताई आणि धाकटा भाऊ एकाच घरातले, पण ताईचा अनुभव त्याच्या कामाचा नाही. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021नंतर स्थगित झाली, तरी तिच्या तयारीची पुस्तकं दुकानातून हलली नाहीत. म्हणून सूचनाफलकावर नवा कागद लावण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे जुना कागद काढणं. पिवळ्या पडलेल्या कागदांच्या दाटीत नवा कागद कुणाला दिसणार?

"आता व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की," असं कुणी म्हणेल. आहे. पण घरात फोन एक असतो आणि तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. रात्री घरी येईपर्यंत मूळ सूचनेवर साठ जणांचं "धन्यवाद सर" आणि नमस्काराचे हात जमलेले असतात. फॉरवर्ड होऊन आलेल्या, कुठल्याच कार्यालयाचं नाव नसलेल्या 'सर्व विद्यार्थ्यांना पंचवीस हजार' छापाच्या संदेशांत खरी सूचना ओळखायची तरी कशी? कुणी काढली, कोणत्या तारखेला, आणि ती त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे का, हे तीन प्रश्न आठवीतल्या मुलाला विचारता यायला हवेत. परिपाठातल्या बातम्यांनाही तेच लावावेत. बातमी वाचायला शिकणं म्हणतात ते हेच.

आणि जो त्या दिवशी शाळेतच नाही, त्याचं काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आईबापांबरोबर कित्येक मुलंही जातात. अर्जाची मुदत आणि परीक्षा पडतात त्या याच महिन्यांत. ज्या घरासाठी उत्पन्नाची अट घातली, त्याच घरातलं पोर सूचना वाचली जाते तेव्हा फडावर मोळ्या बांधत असतं. त्याच्यापर्यंत ही बातमी जायची तर ती टोळी निघण्याआधी, ऑगस्टातच जायला हवी. परीक्षेची तारीख तेव्हा कुणालाच ठाऊक नसते, पण दाखला काढायला तारीख कशाला लागते?

तेव्हा ती सूचना पुन्हा लिहू. जुलै-ऑगस्टात लावायची, अशी:

"आठवीत आहेस? सातवीला 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50) किंवा जास्त होते? घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे? मग डिसेंबरातली एनएमएमएस परीक्षा तुझ्यासाठी आहे. निवड झाली तर चार वर्षं, वर्षाला 12,000 रुपये. आजच घरी सांग: उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे. आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळतं का, ते उद्या कार्यालयात येऊन बघून जा. अडलं तर वर्गशिक्षकांना मधल्या सुट्टीत भेट."

पहिल्या सूचनेपेक्षा ही लांब आहे, वाचायला मिनिटभर लागेल. समीकरण तेवढं थांबेल.

राहिली गोष्ट सहीची. सूचना वहीत सर सही करतात ती 'वाचली' म्हणून. 'ऐकली' याची सही कुठेच नसते. हजेरीपट आणि सूचना वही एकाच टेबलावर असतात. एकाला आज कोण आलं नाही ते ठाऊक, दुसरीला आज काय सांगितलं ते ठाऊक, आणि दोघांची गाठ कुणी घालत नाही. सही करताना शेजारी गैरहजर मुलांचे हजेरी क्रमांक लिहिले, 7, 19, 34, आणि ती मुलं आली की वर्गप्रमुखाने सूचना सांगून त्या आकड्यांवर बरोबरची खूण केली, तर त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक. शाई तेवढी लागेल.

34 क्रमांकापुढे दिवाळीनंतरही खूण झाली नाही, तर सरांनी त्याच्या बापाला फोन लावावा. टोळी कोणत्या कारखान्यावर आहे, हे गावात कुणाला तरी माहीत असतंच.

(पुढच्या भागात : उत्पन्नाचा दाखला — तलाठी, सेवा केंद्र आणि तहसील यांच्यामधली वाट.)