उज्जैनच्या वनमालाबाई

मंडळी, पाहुणे आले की आपण त्यांना रामघाटावर क्षिप्रेच्या आरतीला आवर्जून नेतो. याच गावात १९१५ साली सुशीला पवार जन्मल्या, हे मात्र आपण सांगत नाही. पडद्यावर त्या वनमाला झाल्या.

बाई शिकलेल्या. पुण्यात आचार्य अत्र्यांच्या आगरकर हायस्कुलात त्या शिक्षिका होत्या. 'लपंडाव' १९४० चा. पुढच्याच वर्षी सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर त्या रुखसाना झाल्या. देखण्या नायिकेची वाट मोकळी झाली होती.

माझ्या मते त्यांचे मोठे काम १९५३ चे, अत्र्यांच्या 'श्यामची आई'तले. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. तो परतल्यावर वळांवरून हात फिरवताना तिचेच डोळे भरतात. मारणारा हात आणि कुरवाळणारा हात एकाच बाईचे आहेत, हे वनमालाबाई फारसा आवाज न चढवता पटवतात. दवाखान्यात मी अशा आया रोज पाहतो: आत मुलावर डाफरतात, बाहेर बाकावर बसून पदराने डोळे पुसतात.

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, आणि उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. पुढे बाई वृंदावनात रमल्या. २००७ साली ग्वाल्हेरला वारल्या. आपल्यापासून ते काही फार दूर नाही.

रामघाटाच्या पायऱ्यांवरून पोरे आजही पाण्यात उड्या घेतात. एखादे काठावर कुडकुडत उभे राहते, आणि मागून आईची हाक येते.