एका खाण कंपनीचे दप्तर

हैदराबाद डेक्कन या खाण कंपनीचे नाव काढले की आमच्या हिंगोलीकडचे काही अभ्यासक हात झटकतात. 'तो तेलंगणाचा विषय. आपल्याकडे कोळसा आहे कुठे?' चाळीस वर्षे हे ऐकतो आहे आणि चाळीस वर्षे मला ते पटलेले नाही. हिंगोलीखाली काळा पाषाण आहे, कोळसा नाही, हे खरेच. पण ज्या मक्त्यावर ही कंपनी उभी राहिली, तो १८८६ साली वॉटसन आणि स्टुअर्ट यांना मिळालेला मक्ता निजामाच्या राज्यातल्या खनिजांचा होता आणि हिंगोली त्याच राज्यात होती. पुढे ज्या खजिन्यातून या कंपनीचे शेअर घेतले गेले, त्यात आमच्या ज्वारी-कापसाचा सारा होता. मग हे दप्तर आमचे कसे नाही?

या दप्तरात मी सर्वांत जास्त रमलो तो या कंपनीविषयीच्या ब्रिटिश संसदेच्या १८८८च्या चौकशी समितीच्या कागदांत. साक्षी प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत, प्रत्येक प्रश्नाला क्रमांक. कंपनीचे भांडवल १० लाख पौंड, दहा-दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार मक्तेदारांनी मक्त्याच्या मोबदल्यात आपल्याकडे घेतले. निजाम सरकारच्या वतीने बोलणी करणारे अधिकारी अब्दुल हक. त्यांनीच सरकारला दर्शनी किमतीहून चढ्या भावाने शेअर घ्यायला लावले आणि त्या व्यवहारात त्यांचाच वाटा निघाला! त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. साक्षी सलग वाचत गेलो की खजिना कसा पोखरला जातो ते पायरीपायरीने उलगडत जाते.

पण हे झाले इंग्रजी कागद. दरबारी बाजू फारसी-उर्दूत आहे, घसटत्या शिकस्ता लिपीत. रक्कम दिसली की ती निजामाच्या हाली शिक्क्याची की इंग्रजांच्या कलदार रुपयांची, हे आधी पाहावे लागते, कारण दोन्ही रुपयांची किंमत सारखी नव्हती. तारीख फसली सनातली असली तर ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढायचा. मला हे आजोबांनी शिकवले. ओसरीवर खरेदीखत उलगडून ते ओळीवर बोट ठेवायचे आणि मला अक्षर सुटेपर्यंत बोट हलवायचे नाहीत.

पुढची वर्षे झटकन सांगण्यासारखी. सिंगरेणीचा कोळसा भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी १८७१ सालीच शोधला होता, तो कंपनीने १८८९च्या सुमारास काढायला घेतला. याच मक्त्यातली हट्टीची सोन्याची खाण १९२०मध्ये बंद पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे काम पुढे चालवणारी सिंगरेणी कोलिअरीज कंपनी नोंदली गेली आणि १९४५मध्ये या नव्या कंपनीचे बहुसंख्य शेअर निजाम सरकारने विकत घेतले. मधल्या काळात टनांचे आणि लाभांशाचे आकडे आहेत. ते कुणीही वाचू शकतो.

वाचता येत नाही ते उर्दू. निजामाच्या काळात शाळेत उर्दूतून शिकलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. एका दप्तरखान्यात गळक्या छपराखाली भिजून चिकटलेले कागदांचे रुमाल मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. आम्ही मात्र परिसंवादात 'आपला विषय कोणता' यावरच भांडत बसलो.

वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली इथल्या जुन्या घरांतून, वाड्यांच्या फडताळांतून उर्दू कागदांचे रुमाल अजून असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका. वाचणारा मिळेपर्यंत कोरड्या जागी ठेवा. आणि घरात उर्दू वाचणारे कुणी असेल, तर नातवंडांना त्यांच्याजवळ रोज अर्धा तास बसवा.