आधी गाडीचा नंबर, मग तिकीट

रेल्वेच्या ‘रेलवन’ अ‍ॅपवरून जनरल तिकीट काढलं की १४ जुलै २०२६पर्यंत ३ टक्के सूट, ही बातमी एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झाली आहे. पण अहेरी-आलापल्लीकडच्या प्रवाशाला खरा फटका बसतो तो चुकीच्या तिकिटाचा.

अहेरीला रेल्वे नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात स्टेशन एकच, वडसा, आणि तेही पार उत्तरेला. इथला माणूस एसटीने बल्लारशाह गाठतो, नाहीतर वांगेपल्लीजवळ प्राणहिता ओलांडून तेलंगणातल्या सिरपूर कागजनगरला जातो. एवढं करून तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहावं, तर पडदा विचारतो: ऑर्डिनरी, मेल-एक्स्प्रेस की सुपरफास्ट? क्वचित गाडी धरणाऱ्याला हे कुठून कळणार? त्याला फक्त गाडीचं नाव ठाऊक असतं.

आणि नाव फसवतं. कागजनगरहून सिकंदराबादेकडे भाग्यनगर एक्स्प्रेस जाते, त्याच बाजूला तेलंगणा एक्स्प्रेसही. पहिलीचा नंबर १७ ने सुरू होतो, दुसरीचा १२ ने. म्हणजे दुसरी सुपरफास्ट. भाग्यनगर चुकली म्हणून त्याच तिकिटावर तेलंगणा एक्स्प्रेसमध्ये चढलात, तर सुपरफास्टचे १५ रुपये कमी पडतात. तेवढ्यापायी टीसी फरक आणि वर किमान २५० रुपये लावू शकतो. रोजमजुरीवर हैदराबादेकडे निघालेल्या माणसाला ही रक्कम परवडणारी नाही.

म्हणून नंबर बघा. ५, ६ किंवा ७ ने सुरू होणारी गाडी पॅसेंजर, मेमू किंवा डेमू. तिला साधं म्हणजे ऑर्डिनरी तिकीट. १२, २० किंवा २२ असेल तर सुपरफास्ट. १ ने सुरू होणाऱ्या बाकीच्या गाड्यांना मेल-एक्स्प्रेसचं. कोरोनानंतर पॅसेंजरलाही एक्स्प्रेसचं भाडं लागलं होतं, किमान १० रुपयांच्या जागी ३०. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. तरी एक्स्प्रेसचं तिकीट काढायची सवय अनेकांच्या हातात बसली आहे. मेमूला जायचं असतं आणि बोट एक्स्प्रेसवर पडतं. जादा गेलेले पैसे कोणी परत देत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की मशीनने गाडीचा नंबर विचारावा आणि तिकिटाचा प्रकार स्वतः ठरवावा. कुठल्या नंबराला कुठलं भाडं, हे रेल्वेनेच ठरवलेलं आहे. ते प्रवाशाकडून वदवून घ्यायचं आणि चुकला की दंड घ्यायचा, हा अन्याय आहे.

गाडी धरायला चंद्रपूरला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिथे दोन स्टेशनं आहेत. वर्धा-नागपूरच्या गाड्या चंद्रपूरहून, तर नागभीड-वडसा-गोंदियाच्या चांदा फोर्टहून.

राहता राहिलं अ‍ॅप. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. यातली जी वेळ उशिराची, ती धरतात. बल्लारशाह-वर्धा तिकीट अहेरीच्या बसस्टँडवरच काढून ठेवलं आणि एसटी वाटेत रखडली, तर तिकीट फुकट जाऊ शकतं. एसटी बल्लारशाहला पोचली की मगच काढावं.